पुढच्या जोडीचं उजवं चाक

अहवाल दोन पानांचा होता. पहिल्या पानावर तारीख, संदर्भ, विषय असा सगळा थाटमाट. दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, ते वाक्य: "सदर इंजिनातील बिघाड मोटार निकामी झाल्याने उद्भवला असून, चालकाने वंगणाचा अतिरेकी वापर करून दाखवलेला निष्काळजीपणा हे त्याचे कारण आहे." त्याखाली एक चौकट. चौकटीत बारीक अक्षरात "चालकाची सही".

पक्कडबाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद आपल्या हातात आलाय. दुसऱ्यांदा कानशिलं तापली. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून पुसला, कारण काचेवर वाफ धरली होती.

"शनिवारपर्यंत सही द्या," व्यवस्थापक म्हणाले. "चार वाजता विश्वस्तांची बैठक आहे. कारवाई वगैरे काही नाही, घाबरू नका. पुढच्या महिन्यापासून तुम्ही तिकीट खिडकीवर. बसून काम. तुमच्या वयाला बरंच."

पक्कडबाई चोपन्न वर्षांच्या होत्या आणि सात किलोचं इंजिन दोन्ही हातांवर पेलून खांद्याच्या उंचीवरच्या कपाटात ठेवत होत्या. पण रागाच्या भरात बोलायला गेलं की आवाज चिरकतो आणि समोरच्याला वाटतं बाई रडतेय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. कागदाची घडी करून त्यांनी तो एप्रनच्या खिशात पक्कडीशेजारी ठेवला आणि बाहेर पडल्या.

ते इंजिन वाहतूक संग्रहालयाच्या मागच्या दालनात चालायचं. खेळणं म्हणावं तर खेळणं नव्हे. हातभर लांब, पितळी धुरांडं, आणि चाकं अशी की एकेक तळहातात मावेल. रुळांमधलं अंतर पंचेचाळीस मिलीमीटर. दालनभर रुळांचा एक लांबट वेढा, त्यात एक बोगदा, एक स्टेशन, एक लोखंडी पूल, आणि पुलाच्या जरा अलीकडे शेडकडे दुसरा रूळ फुटतो तो सांधा. प्रेक्षक कठड्याबाहेर उभे राहायचे आणि गाडी त्यांच्यासमोरून नेहमी डावीकडे वळत जायची. अकरा वर्षं ती तशीच डावीकडे वळत होती. इंजिन ज्या घराण्याने देणगी म्हणून दिलं, त्या घराण्याचं नाव इंजिनाच्या उजव्या अंगावर सोनेरी अक्षरात होतं. ते नाव प्रेक्षकांना दिसलंच पाहिजे, म्हणून दालनात पाटी होती: इंजिनाची दिशा बदलू नये.

पक्कडबाई या दालनात आल्या त्या हातात झाडू घेऊन. त्याआधी एकोणिसाव्या वर्षापासून त्या पंख्यांच्या कारखान्यात मोटारींना तार गुंडाळायच्या. दिवसाला चाळीस मोटारी. हाताखालून गेलेली मोटार कशी आवाज करते, यावरून तिचं दुखणं सांगायची त्यांची ख्याती होती. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. संग्रहालयात सफाईची जागा निघाली, ती त्यांनी धरली. एक दिवस फरशी पुसताना बघतात, तर इंजिन अडलंय आणि तेव्हाचे चालक, एक सेवानिवृत्त गृहस्थ, त्याच्या पाठीवर थापा मारताहेत. जसं काही त्याला ठसका लागला होता. बाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, मोटारीला वीज पोचवणारा कार्बन झिजून संपलाय, तो बदला, मारून काय होणार. गृहस्थ रागावले. मग त्यांनी झाकण उघडलं. कार्बन संपला होता.

सहा महिन्यांनी त्या गृहस्थांचे गुडघे गेले आणि दालनाची किल्ली बाईंकडे आली. किल्ली आली, काम आलं, जबाबदारी आली. हुद्दा मात्र कागदावर आणखी चार वर्षं "सफाई" असाच राहिला. "पक्कडबाई" हे नाव कचेरीतल्या कारकुनांनी चेष्टेने पाडलं होतं. एप्रनच्या खिशात कायम पक्कड असते म्हणून. बाईंनी ते इतक्या खुशीने घेतलं की चेष्टा करणाऱ्यांचीच पंचाईत झाली.

तर या इंजिनाला गेल्या तीन महिन्यांपासून उचकी लागली होती. चालता चालता एकदम दिवे जायचे, गाडी थांबायची, दोन सेकंदांनी हिसका देऊन परत निघायची. आधी दिवसातून तीनदा, मग दहादा, आता तर दर दोन फेऱ्यांना. आणि दर वेळी पुलाच्या तोंडाशी. मग काय, सगळ्यांनी पुलालाच धरलं. पुलाचे रूळ घासले, पुलाखालच्या तारा बदलल्या, पुलाचे स्क्रू आवळले. यात पक्कडबाई स्वतःही होत्या. तीन आठवडे त्या पुलावर कापूस फिरवत होत्या. ही आपली चूक त्या नंतर स्वतःहून सांगायच्या, जरा चिडूनच.

पुढे देणगीदार घराण्याची मंडळी इंजिन पाहायला आली. गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत तीनदा बंद पडली. घराण्यातल्या एका आजींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या मोठ्याने बोलायच्या. तिसऱ्या वेळी त्यांनी सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं विचारलं, "गेली का?" विश्वस्तांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. व्यवस्थापकांनी पक्कडबाईंकडे पाहिलं. बाईंनी इंजिनाकडे पाहिलं. इंजिनाला कुणाकडे पाहायचं कारण नव्हतं. ते हिसका देऊन निघून गेलं.

दुसऱ्या आठवड्यात इंजिनियर आला. रुळांना वीज देणारा नवा कंट्रोलर त्याच्याच कंपनीने बसवलेला, बिघाड सुरू व्हायच्या आधी थोडे दिवस. चंदेरी पेटी, पांढरे मोजे, वागायला अदबशीर. त्याने कंट्रोलरला लॅपटॉप जोडला आणि खुर्चीवर बसला. अर्धा तास बसला. पडद्यावर "जादा भार, पुरवठा खंडित" अशा त्या सकाळच्या सदतीस नोंदी होत्या, त्या त्याने उतरवून घेतल्या. इंजिन चार पावलांवर उभं होतं. त्याने ते उचललं नाही, उलटं केलं नाही, त्याला बोटसुद्धा लावलं नाही. पक्कडबाई हात पुसत बाजूला उभ्या होत्या, कधी विचारतो याची वाट बघत. शेवटी त्याची नजर त्यांच्या टेबलावरच्या तेलाच्या बाटलीवर गेली. त्याने विचारलं, तेल किती घालता.

बाईंना बरं वाटलं होतं, निदान काहीतरी विचारलं म्हणून. त्यांनी सगळं मन लावून सांगितलं. एका जागी एक थेंब, तोही सुईने, दर पंधरवड्याला, जादाचं फडक्याने टिपून घ्यायचं. त्याने मान डोलावली आणि काहीतरी टाइप केलं. त्याने काय टाइप केलं ते आता बाईंच्या खिशात होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे त्या ऐकून होत्या. पण इथे तर संन्याशाकडूनच सुळीचं माप विचारून घेतलं होतं.

घरी नवरा मशीनवर बसला होता. तो शिंपी होता, समोरच्या खोलीतच त्याचं दुकान. बाईंनी कागद त्याच्या कात्रीशेजारी ठेवला. त्याने पाय थांबवून तो वाचला आणि म्हणाला की शब्द फार कडक आहेत, पण पगार तोच राहणार असेल तर सही करून मोकळी हो, मोठ्या लोकांशी वैर कशाला. खिडकीवर पंखा असतो. थंडीत हीटर असतो.

बाईंनी ताट वाढलं, ते जरा जोरातच. मग म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे कुणी कोट आणला, बाही आखूड झाली म्हणून. तुम्ही माप न घेताच लिहून दिलंत की गिऱ्हाइकाचे हात लांब आहेत. चालेल?"

"शिव्या बसतील."

"मग?"

त्याने दोन घास खाल्ले. "माप घेतलंय का त्याने?"

"इंजिनाला हात नाही लावला मेल्याने."

नवऱ्याने हातातला घास परत ताटात ठेवला. त्याच्या धंद्यात माप न घेण्याला क्षमा नव्हती. जेवण झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, की मग तू घेतलंयस का माप. आणि बाईंच्या लक्षात आलं की आपणही घेतलेलं नाही. आपण तीन आठवडे पूल घासला. लोक पूल म्हणाले म्हणून पूल. राग आला तो आता दोघांवरही आला. इंजिनियरवर आणि स्वतःवर. त्यातला दुसरा जास्त झोंबला.

गुरुवारी संग्रहालयाला सुट्टी असते. सकाळी नऊला त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. दरवान जुना माणूस. त्याने सुट्टीच्या दिवशी कसं काय, असं विचारलं, आणि बाईंचा चेहरा बघून उत्तराची वाट न पाहता कुलूप काढलं. शिवाय स्वतःही खुर्ची घेऊन दालनात येऊन बसला. म्हणाला, दोन माणसं असली की उद्या साक्षीला बरं.

बाईंनी पहिल्यांदा मोटारीचा निकाल लावला. इंजिन लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवलं, चाकं अधांतरी, आणि वीज दिली. मोटार फिरली. अर्धा तास फिरली. त्यांनी कान लावला, मीटर लावला, पाठीवर हात ठेवून ऊब पाहिली. आवाज गुळगुळीत, करंट बेताचा, अंग कोमट. "ही म्हणे जळाली," त्या दरवानाला म्हणाल्या. "मी हजारो मोटारी गुंडाळल्यात, काका. जळलेली मोटार दालनाबाहेरून वासाने सांगते."

मग इंजिन रुळावर ठेवलं, मागे सहा डबे जोडले, आणि हातात खडू घेतला. गाडी थांबली की जिथे थांबली तिथे फळीवर रेघ. पहिली रेघ पुलाच्या तोंडाशी. दुसरी तिथेच. सातवी तिथेच. दरवान म्हणाला, पुलातच आहे बघा काहीतरी.

पण बाई आता खाली वाकल्या होत्या, डोळे रुळाच्या उंचीवर. आठव्या फेरीला त्यांनी गाडी थांबण्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी दिवे कधी जातात तेवढंच पाहिलं. दिवे पुलापाशी जात नव्हते. दिवे वीतभर आधी जात होते. या मोटारीच्या आसावर एक जड चकती असते. वीज गेली तरी तिच्या जोरावर गाडी वीतभर पुढे घसरते. म्हणजे गाडी जिथे मरते ती जागा वेगळी आणि तिला जिथे मार लागतो ती वेगळी. पुलाच्या वीतभर आधी काय होतं? सांधा.

बाई उठून उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवर खडूची भुकटी होती आणि डोक्यात तीन आठवड्यांचा कापूस.

आता दोष सांध्यात की इंजिनात, हे कसं ठरवायचं? उपाय साधा होता, आणि भिंतीवरची पाटी त्याला मनाई करत होती. बाईंनी पाटी वाचली, जणू पहिल्यांदाच. मग इंजिन उचललं, तोंड फिरवून रुळावर ठेवलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा गाडी उजवीकडे वळत निघाली. देणगीदारांचं नाव आतल्या भिंतीकडे गेलं. दहा फेऱ्या झाल्या. वीस झाल्या. एकदाही उचकी नाही.

"सुधारली की," दरवान म्हणाला.

"सुधारली नाही. कूस बदलल्यावर दुखायचं थांबलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे दुखणं एका कुशीत आहे."

त्यांनी इंजिन फडक्यावर उलटं घातलं आणि बारीक अंतर मोजायचा व्हर्नियर काढला. चाकांची एकेक जोडी घेऊन दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजलं. मागची जोडी चाळीस मिलीमीटरच्या वर, जशी हवी तशी. मधली तशीच. पुढची भरली साडेअडतीस. पुन्हा मोजली. साडेअडतीस. उजवं चाक आसावरून आत सरकलं होतं.

सरकणारच. गाडी कायम डावीकडे वळते, म्हणजे बाहेरचा रूळ कायम उजवा. प्रत्येक वळणावर तो रूळ पुढच्या उजव्या चाकाच्या कडेला आत ढकलतो. एका फेरीत केसाच्या हजाराव्या भागाइतकं. अकरा वर्षं, दिवसाला शेकडो फेऱ्या. चाक आसावर घट्ट धरणारं प्लॅस्टिकचं बूश ढिलं झालं आणि चाक तिळातिळाने आत गेलं. सांध्यात दोन जिभा असतात, एक रुळाला चिकटलेली आणि एक सुटी. सुट्या जिभेत शेजारच्या रुळाच्या उलट बाजूची वीज असते, म्हणून चाकाने तिला शिवायचं नसतं. आत सरकलेलं चाक तिला पाठीने शिवत होतं. क्षणभर शॉर्ट. कंट्रोलरच्या आधीचा जुना ट्रान्सफॉर्मर ते पोटात घालायचा, दिवे थोडे मिचकायचे, बस. नवा कंट्रोलर नाजूक. त्याला क्षणभरही खपत नाही, तो पुरवठा तोडून मोकळा. इंजिन उलटं फिरवलं की हेच चाक दुसऱ्या रुळावर जातं, तिथली जीभ चिकटलेली असते, आणि सगळं सुरळीत.

एवढंच होतं. तेल नाही, मोटार नाही, निष्काळजीपणा तर नाहीच. दालनाच्या भिंतीवर टांगलेली ती पाटी अकरा वर्षं एका चाकाला ढकलत होती.

चाक बाहेर ओढून चिकटवणं हे दहा मिनिटांचं काम. खेचणी टेबलावर होती. बाईंचे हात शिवशिवायला लागले. दुखणं सापडलं आणि दवा हाताशी असताना ते तसंच ठेवायचं, हे त्यांच्या हातांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्यांनी खेचणी उचललीसुद्धा. मग परत ठेवली. उद्या इंजिनियर नवी मोटार बसवायला येणार होता. आज चाक सरळ केलं तर त्याला दाखवायचं काय? उद्या हेच म्हणतील की बघा, बाईंनीच बिघडवलं आणि बाईंनीच गुपचूप नीट केलं. त्यांनी इंजिन तसंच, आजारी, कपाटात ठेवलं आणि दरवानासमोर कपाटाला कुलूप घातलं. घरी जाताना त्या वाटेत दोनदा थांबल्या. इंजिनाला दुखणं देऊन आल्यासारखं वाटत होतं, आणि ते वाटायला लावणाऱ्यांची चीड वाटेभर पुरली.

शुक्रवारी इंजिनियर नवी मोटार घेऊन आला. जुनी बघितली नव्हती, तरी नवी आणली होती. व्यवस्थापक सोबत होते, आणि दरवान खुर्ची घेऊन दारात. बाईंनी आवाज चढवला नाही. रात्रीच त्यांनी ठरवलं होतं की आपण बोलायचंच कमी. इंजिन ठोकळ्यांवर ठेवून मोटार चालवून दाखवली. इंजिनियर म्हणाला, भाराखाली वेगळी वागत असेल. बाईंनी गाडी जोडून पाच फेऱ्या मारल्या. पाचात तीनदा बंद पडली. मग इंजिन फिरवून ठेवलं.

"पाटी वाचलीत ना तुम्ही?" व्यवस्थापक म्हणाले.

"वाचली, साहेब. काल बराच वेळ वाचली."

उलट्या दिशेने दहा फेऱ्या, एकही उचकी नाही. इंजिनियर खुर्चीवरून उठला. बाईंनी इंजिन फडक्यावर उलटं घातलं, आणि स्वतःचा व्हर्नियर मुद्दाम खिशातच राहू दिला.

"तुमच्या पेटीत असेल ना मोजायचं?" त्यांनी विचारलं. "तुमच्याच हाताने मोजा. मागून सुरू करा."

त्याने पेटी उघडली. व्हर्नियर नवा कोरा होता, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्याने मागची जोडी मोजली, मधली मोजली, पुढची मोजली. पुढची पुन्हा मोजली. मग पट्टी पुसून तिसऱ्यांदा मोजली. अदबशीर माणूस, त्यामुळे त्याचे कानही अदबशीरपणे लाल झाले. "साडेअडतीस," तो म्हणाला, कुणाकडे न बघता.

मग पक्कडबाईंनी खेचणी घेतली. चाक बाहेर आलं, आसावर चिकटद्रव्याचा थेंब पडला, माप लागलं, चाक बसलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. एक तास वाळू दिलं आणि गाडी पाटीच्या हुकमाप्रमाणे डावीकडे सोडली. साठ फेऱ्या झाल्या. सांध्यावरून जाताना दिवा मिचकलासुद्धा नाही. इंजिनियरने नवी मोटार परत पेटीत ठेवली आणि कंपनीला विचारून कळवतो असं काहीतरी म्हणत गेला. काय विचारणार होता, देव जाणे. साडेअडतीस हे साडेअडतीस होतं का, असं?

व्यवस्थापक खूश झाले. त्यांनी बाईंची तारीफ केली. तिकीट खिडकीचा विषय संपला, तुम्ही इथेच राहा, म्हणाले. आणि निघाले. बाई दारात आडव्या आल्या.

"तो कागद, साहेब."

"गाडी चालू झाली ना? मग कागदाचं काय एवढं. औपचारिकता असते ती."

"त्यात माझा निष्काळजीपणा लिहिलाय."

व्यवस्थापकांनी सुस्कारा सोडला. बरं, ते वाक्य बदलू म्हणाले. आणि खरंच बदललं. शनिवारी दुपारी दीड वाजता नवा अहवाल टाइप होऊन आला. निष्काळजीपणा गेला होता. त्याच्या जागी होतं: "बिघाडाचे कारण निश्चित होऊ शकले नाही. इंजिन आपोआप पूर्ववत झाले."

पक्कडबाईंना वाटलं होतं की बुधवारचा राग हा त्यांच्या रागाचा तळ आहे. तळ आणखी खाली होता. निष्काळजी म्हटलं होतं तेव्हा निदान त्या कागदावर कुणीतरी माणूस होतं. आता कुणीच नव्हतं. इंजिन आपोआप बरं झालं होतं. खडूच्या रेघा नाहीत, व्हर्नियर नाही, गुडघे नाहीत, काही नाही. त्यांनी व्यवस्थापकांना विचारलं, कारण माहीत आहे, मग लिहीत का नाही. व्यवस्थापक घुटमळले. मग खरं ते बोलले. चाक एका बाजूला ढकललं गेलं असं लिहिलं, तर विश्वस्त विचारतील एकाच बाजूला का. एकाच बाजूला, कारण पाटी. पाटी लावायचा ठराव विश्वस्तांचा. आणि ठराव कुणाच्या आग्रहाने, तर देणगीदारांच्या. "आता एका चाकापायी मी कुणाकुणाचं नाव घेऊ, बाई? तुमचं नाव तर काढलं ना?"

"माझं नाव काढलंत, आणि कामही काढलंत."

त्यांनी पेन घेतलं. चौकट बोटभर रुंद होती. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: पुढच्या जोडीचं उजवं चाक आत सरकलं होतं. अंतर साडेअडतीस भरलं. एकाच दिशेने अकरा वर्षं चालवल्यामुळे. शुक्रवारी तीन माणसांसमोर मोजून दुरुस्त केलं. ओळी चौकटीबाहेर समासात गेल्या. खाली सही.

"ही जागा सहीची आहे," व्यवस्थापक म्हणाले.

"सही केलीय, साहेब. खाली बघा."

कागद खराब झाला म्हणून व्यवस्थापकांनी तो पुन्हा टाइप करून आणवला. अडीच वाजले होते. बाईंनी दुसऱ्या प्रतीवरही तेच लिहिलं, आता सवयीने अक्षर जास्त नीट आलं. व्यवस्थापकांनी टाइपिस्टला चौकट लहान करायला सांगितलं. तिसऱ्या प्रतीवर चौकट नखाएवढी आली. बाईंनी ती रिकामी सोडली आणि अख्खा समास वापरला, वरपासून खालपर्यंत. टाइपिस्ट दाराआडून बघत होती. तिने चौथी प्रत काढायला जरा जास्तच वेळ लावला, आणि मग येऊन सांगितलं की शाई संपली आहे. खरंच संपली होती की नाही, हे कुणी विचारलं नाही.

पावणेचार झाले. बैठकीच्या खोलीत खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. व्यवस्थापकांनी बाईंना घरी जायला सांगितलं, मी बघतो म्हणाले. "तुम्ही बघा. मी थांबते," बाई म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. हात मांडीवर, पाठ ताठ. व्यवस्थापकांनी तिसरी प्रत हातात घेतली, समास वाचला, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा समास वाचला. अक्षर सुवाच्य होतं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि हीच त्यांची अडचण होती.

मग त्यांनी खण उघडला, जावक क्रमांकाचा शिक्का काढला आणि शाईच्या गादीवर दाबला. शिक्का हवेत असतानाच पक्कडबाई खुर्चीवरून पुढे वाकल्या.

"साहेब, जरा वर मारा," त्या म्हणाल्या. "तिथे मारलात तर आकडा झाकला जाईल."

त्यांनी वर मारला.